रंग उतरतो, क्रीम मुरतं

शाळेच्या डायरीत बाईंनी लिहून पाठवलं होतं : 'गॅदरिंगला मुलींनी हलका मेकअप घरूनच करून यावा.' सहावीतल्या माझ्या लेकीने ती डायरी कोर्टाचा निकाल आणल्यासारखी माझ्यापुढे धरली. त्याआधी दोन महिने आमच्याकडे याच विषयावर धुसफूस चालू होती. तिचं म्हणणं, वर्गातल्या सगळ्या लावतात. माझं म्हणणं, सगळ्या म्हणजे कोण कोण, नावं सांग. नावं तीनच निघाली. सासूबाईंचं म्हणणं, या वयात लिपस्टिक शोभत नाही, काजळ घाल की, डोळे थंड राहतात. नवऱ्याचं म्हणणं, मला यात विचारू नका.

'हलका' म्हणजे किती, हे डायरीत नव्हतं. मग मी वाचायला बसले, त्वचारोगाची प्रॅक्टिस करणाऱ्या मैत्रिणीला पिडलं, बाजार पालथा घातला. त्या खटाटोपात एक गोष्ट पक्की झाली. आम्ही तिघीही चुकीच्या डबीला घाबरत होतो. ओठांवरचा लाल रंग दिसतो, म्हणून आपल्याला खटकतो. पण तो रात्री पुसला की संपला. न दिसणारी, 'त्वचा सुधारणारी' क्रीमं आणि 'घरचं आहे' म्हणून बिनदिक्कत चालणाऱ्या वस्तू यांच्याकडे कोणी डोळे वटारून बघत नाही, आणि खरी पंचाईत तिथेच आहे.

आपल्याकडे मुलीच्या नट्टापट्ट्याला पूर्वी एक क्रम होता. तान्हेपणी काजळ आणि गालावर तीट, मग पावडर-कुंकू, नागपंचमीला मेंदी, लग्नाकार्यात हातभर बांगड्या, आणि ओठांना रंग थेट लग्न ठरल्यावर. तोही पुष्कळ घरांत नाहीच. हे सगळं कोणाच्या तरी हातून व्हायचं. माझ्या आजीची फणेरपेटी मी पाहिली आहे. झाकणाच्या आत आरसा, एका कप्प्यात मेणाची डबी, दुसऱ्यात करंडा. आधी कपाळाला मेण टेकवायचं, मग त्यावर कुंकू. ती हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडे वळवायची आणि श्वास रोखून मेणावर कुंकू बसवायची. हललीस तर नाकावर येईल, एवढीच सूचना.

बाजारातलं सौंदर्यप्रसाधन या फणेरपेटीच्या शेजारी हळूहळू येऊन बसलं. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये 'अफगाण स्नो' काढलं आणि 'स्नो' हा शब्द मराठी घरांत असा रुळला की चेहऱ्याला लावायचं कुठलंही पांढरं क्रीम म्हणजे स्नोच. १९५२ मध्ये टाटांनी 'लॅक्मे' सुरू केलं. नाव फ्रेंच ऑपेराचं, आणि त्या फ्रेंच नावाच्या पोटात आपली लक्ष्मीच. पण या वस्तू होत्या मोठ्या बायकांच्या. लहान मुलीसाठी वेगळी बाजारपेठ नव्हती. तिच्या वाट्याला आईच्या डबीतलं बोटभर यायचं, तेही गॅदरिंगला.

गॅदरिंगचा मेकअप माझ्या पिढीतल्या कोणालाच विसरता येणार नाही. नववीच्या वर्गात बाकं भिंतीला लावलेली, आम्ही तीस जणी रांगेत, आणि बाईंच्या हातात एकच लिपस्टिक. तीच ओठांवर, तीच दोन ठिपके देऊन गालांवर, तीच कपाळावर चंद्रकोरीला. तिसाव्या मुलीपर्यंत ती कांडी बुडापर्यंत झिजलेली असायची. पुढच्या आठवड्यात चार-पाच जणींच्या ओठांच्या कडेला काहीतरी उठायचं आणि घरचे म्हणायचे, दृष्ट लागली.

आता हनुवटी धरणारा हात नाही, मोबाइल आहे. फरक एवढाच असता तर मी कुरकुर केली नसती. पण मोबाइल मुलीला रंग शिकवत नाही, 'रूटीन' शिकवतो. माझी लेक एके दिवशी वरणभात कालवता कालवता म्हणाली, "आई, मला नायसिनामाइड हवंय." मला हा शब्द तोपर्यंत नीट उच्चारता येत नव्हता. टिकटॉक आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे, पण तिथलं सगळं रील्समधून, शॉर्ट्समधून घरात येतंच. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी ७ ते १८ वर्षांच्या मुलींनी टाकलेले १०० त्वचानिगेचे व्हिडिओ तपासले. २०२५ मध्ये 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात ते छापून आलं. या मुली सरासरी सहा वस्तू चेहऱ्याला लावत होत्या. एका मुलीचा महिन्याचा सरासरी खर्च १६८ डॉलर. सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंमध्ये त्वचेला चुरचुरवू शकतील असे सरासरी ११ घटक. आणि ज्या एका गोष्टीचा या वयात खरा उपयोग, ते सनस्क्रीन दिवसाच्या रूटीनपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्यात.

तिकडे या मुलींना, 'सेफोरा' या प्रसाधनांच्या दुकानसाखळीवरून, 'सेफोरा किड्स' असं नाव पडलं आहे. सुरकुत्या घालवणारी क्रीमं दहा-बारा वर्षांच्या पोरी मागू लागल्या, तेव्हा स्वीडनमधल्या एका मोठ्या औषधदुकानांच्या साखळीने २०२४ मध्ये नियम केला : आम्लं, अ जीवनसत्त्व वगैरे असलेली तीव्र क्रीमं पंधरा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांच्या संमतीशिवाय मिळणार नाहीत. आपल्याकडे असं कोणी विचारत नाही. घरपोच मागवलेल्या खोक्यावर तर मुळीच नाही.

मैत्रिणीने मला जे समजावलं ते साधं होतं. आठ-नऊ वर्षांपासूनच मुलींच्या त्वचेतल्या तेलग्रंथी जाग्या व्हायला लागतात. मग नाक-कपाळावर बारीक काळे-पांढरे ठिपके, कपाळाच्या कडेला पुरळ. हे दुखणं नव्हे, वय आहे. रेटिनॉल हा अ जीवनसत्त्वाचाच प्रकार. तो त्वचेच्या पेशी लवकर लवकर बदलायला लावतो. चाळिशीच्या चेहऱ्याला त्याचा उपयोग, कारण तिथे हे काम मंदावलेलं असतं. अकरा वर्षांच्या गालावर ते आधीच जोरात चालू असतं. तिथे रेटिनॉल चोपडलं की त्वचा लाल होते, सोलते, उन्हाने भाजते. मग ती आग शांत करायला दुसरं क्रीम. तिचा सल्ला तीन वस्तूंचा होता : सौम्य साबण किंवा फेसवॉश, वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर, आणि मैदानावर जाताना एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. मुरमं खरंच वाढली तर डॉक्टर, मेडिकलवाला नव्हे. दुकानदाराने 'खास' म्हणून दिलेल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि त्याने झालेली खराबी निस्तरण्यात तिचा अर्धा दवाखाना जातो.

इथे उजळपणाचा विषय टाळता येत नाही. मुलगी अकरा-बाराची झाली की घरात येणारी प्रत्येक मावशी-काकू तिच्या रंगाचं मोजमाप करते. 'काळवंडलीस गं', 'बेसन-हळद लाव', 'लहानपणी किती गोरी होती'. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये आलं आणि २०२० मध्ये नावातला 'फेअर' गळून 'ग्लो' आला. जाहिरातीत सावळी मुलगी दुःखी आणि गोरी यशस्वी दाखवू नका, असे नियम जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्येच केले. शब्द बदलले, पण काकू बदलल्या नाहीत. आणि नावाजलेल्या कंपन्यांच्या पलीकडे एक दुसराच बाजार आहे. बिनपत्त्याच्या डब्या, पार्लरमध्ये 'इम्पोर्टेड' म्हणून मिळणारी क्रीमं. त्यांत अनेकदा पारा असतो. पारा त्वचेतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांत चेहरा खरंच उजळतो, आणि बाई डबी आपल्या बहिणीलाही देते. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत आजाराची एक विरळ जात सापडली, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमं लावत होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातही विदर्भातल्या एकाच घरातल्या बायका मूत्रपिंडं सुजून दाखल झाल्या होत्या. कारण क्रीम. आपल्या नियमांनुसार डोळ्यांची प्रसाधनं सोडून इतर कशातही नकळत आलेला पारा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. नियम चांगला आहे, पण बिनपत्त्याच्या डबीला तो लागू कोण करणार?

लिपस्टिकला नाही म्हणणाऱ्या माझ्या सासूबाईंनी त्याच आठवड्यात 'चेहऱ्यावर तेज येतं' म्हणून एक लेप लेकीसाठी आणला होता. कोणाच्या तरी ओळखीची बाई घरी करून विकते. पुडीवर घटक नाहीत, तारीख नाही. मी तो नम्रपणे कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला. अजून तिथेच आहे.

'घरच्या', 'आपल्या' वस्तूंचा हिशेबही एकदा मांडायला हवा, कारण बहुतेक मराठी मुलींचा पहिला मेकअप याच वस्तूंचा असतो. मेंदी घ्या. पाल्यातल्या रंगद्रव्याला, लॉसोनला, चढायला वेळ लागतो. ते आधी केशरी दिसतं आणि दुसऱ्या दिवशी तांबूस गडद होतं. जत्रेत नाहीतर मॉलच्या दारात अर्ध्या तासात काळीकुट्ट रंगणारी मेंदी ही मेंदी नव्हे. तिच्यात केस काळे करण्याचं रसायन, पॅरा-फिनिलीन डायअमिन, मिसळलेलं असतं. कोणाकोणाच्या हातावर नक्षीबरहुकूम फोड उठतात. त्याहून वाईट म्हणजे शरीर ती ओळख विसरत नाही. पुढे तिशी-चाळिशीत केसांना कलप लावला की चेहरा सुजून डोळे मिटतात, आणि बाईला सहावीतली जत्रा आठवतही नाही.

चिकटणारी टिकली तर निरुपद्रवाचा अर्क वाटते. पण तिच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉल असलं तर रोज त्याच जागी लावणाऱ्या काही जणींच्या कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडतो. तिथल्या रंगपेशीच मरतात. भारतातल्या त्वचातज्ज्ञांना हा प्रकार नवा नाही. रोज नको, रात्री काढून ठेवायची, खाज सुटली तर बंद. काजळाचं थोडं वेगळं. एरंडेलाच्या दिव्याची काजळी तांब्याच्या ताटलीवर धरून तुपात खललेली, ती करणाऱ्या बाईचे हात स्वच्छ असतील तर तशी साधी वस्तू. पण सुरमा म्हणून जे विकलं जातं ते कित्येकदा शिशाच्या खनिजाची पूड असते, आणि मुलांच्या शरीरात शिसं किती चाललं तर बरं, याचं उत्तर 'अजिबात नाही' असंच आहे. शिवाय घरात काजळाची डबी एक आणि बोटं पाच जणींची. डोळे येण्याची साथ आली की घरच्या घरी ती का पसरते, हे वेगळं सांगायला नको. टाल्कम पावडरलाही आता जुना भोळा चेहरा राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जुलै २०२४ मध्ये टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. अंघोळीनंतर ढग उडवत पावडर थापायची सवय सोडावी, एवढं मी त्यातून घेतलं. घाबरून गेले नाही.

लिपस्टिकचं काय मग? तिच्याही रंगद्रव्यांत शिसं येऊ शकतं, म्हणून नियमाने मर्यादा घातलेली आहे. म्हणजे प्रश्न लिपस्टिक की नाही हा नसून कुठली, हा आहे. तो प्रश्न घेऊन आम्ही तुळशीबागेत गेलो.

शनिवारची दुपार, हातगाडीवर लिपस्टिकचा ढीग : पन्नासला एक, शंभरला तीन. लेकीचे डोळे लकाकले. मी म्हटलं, घे, पण आधी मला तिचा पत्ता वाचून दाखव. "लिपस्टिकला पत्ता असतो?" असतो. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डबीवर कंपनीचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायची ती तारीख आणि कारखान्याचा परवाना क्रमांक हवा. बाहेरून आलेली असेल तर आयात करणाऱ्याचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक. तिने मोबाइलचा टॉर्च लावला. पहिल्या कांडीवर फक्त '०७' होतं. दुसरीवर एका मोठ्या कंपनीचं नाव, पण त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे. तिसरीवर वापराची तारीख होती, ती दोन वर्षांमागची. विक्रेता म्हणाला, "ताई, कंपनीचाच माल आहे, फक्त बिल नाही." लेक खुदकन हसली. पुढच्या तासाभरात तिला या खेळाचं वेडच लागलं. खेळण्यांच्या दुकानातल्या गुलाबी 'मेकअप सेट'वरही तिने टॉर्च मारला. त्यावर 'तीन वर्षांवरील मुलांसाठी' एवढंच छापलेलं होतं, म्हणजे वस्तू खेळणं म्हणून विकली जात होती आणि लागणार होती तोंडाला. हा प्रकार फक्त रस्त्यावरच्या मालाचा आहे असंही नाही. लहान मुलींसाठीच दुकानं चालवणाऱ्या अमेरिकेतल्या 'क्लेअर्स' आणि 'जस्टिस' या साखळ्यांच्या काही प्रसाधनांत २०१९ मध्ये तिथल्या एफडीएला अ‍ॅस्बेस्टॉस सापडलं होतं.

परतताना रिक्षात खरी गोष्ट बाहेर आली. तिला लिपस्टिक हवीच होती असं नाही. तिला हवं होतं कन्सीलर. वर्गातल्या एका मुलाने तिच्या वरच्या ओठावरच्या लवेला 'मिशी' म्हटलं होतं. दोन महिने आम्ही घरी ज्यावर वाद घालत होतो, तो विषयच वेगळा होता.

मेकअपबद्दलचे पुस्तकी वाद मी तोवर बरेच वाचले होते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २००७ च्या अहवालापासून एक बाजू म्हणते की बाजार लहान मुलींना वेळेआधी बाई बनवतो, आणि मुली स्वतःकडे दुसऱ्याच्या नजरेने बघायला शिकतात. दुसरी बाजू म्हणते, तिचं तोंड, तिचा रंग, तुम्ही कोण? दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि रिक्षात दोन्हींचा उपयोग शून्य. मला एवढंच कळलं की मुलगी रंग मागते तेव्हा खेळायला मागते की लपायला, हे आधी विचारावं. खेळायला मागत असेल तर तुळशीबागेतला टॉर्च पुरे. लपायला मागत असेल तर कुठलीही डबी पुरणार नाही, कारण उद्या तो मुलगा दुसरं काही म्हणेल. मी तिला माझ्या सहावीतला फोटो दाखवला. त्यात माझ्या ओठावर तिच्यापेक्षा दाट लव आहे. तिने तो बराच वेळ मोठा करून पाहिला. "तुला कोणी काही म्हणायचं?" म्हणायचे की. "मग?" मग काही नाही, मी त्याला मारलं होतं. हे आईने सांगू नये हे मला कळतं, पण सांगितलं. ब्लीच मात्र मी साफ नाकारलं. त्यात अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असतं आणि त्या वयाच्या ओठावर ते भाजतं. दहावीनंतर बघू, असं ठरलं आहे.

शेवटी खरेदी झाली ती एका साध्या मेडिकलमध्ये : हलका गुलाबी लिप बाम, सनस्क्रीन असलेला, आणि एक नेलपॉलिश. तिला निळंच हवं होतं, घेऊ दिलं. कोपराच्या आतल्या बाजूला बाम लावून दोन दिवस थांबायचं, खाज नाही आली तरच तोंडाला, हा नियम तिने निमूट पाळला. नखं कुरतडायची सवय असताना नेलपॉलिश पोटात जातं, तर एक काहीतरी सोड, असं म्हटल्यावर तिने कुरतडणं सोडलं. अजून तरी सोडलेलं आहे. झोपताना सगळं खोबरेल तेलाने काढायचं आणि आपला बाम दुसरीला द्यायचा नाही, हे आणखी दोन नियम. सासूबाईंनी निळी नखं पाहून "अगं बाई" म्हटलं आणि संध्याकाळी आपल्याही करंगळीला लावून घेतली.

गॅदरिंगच्या रात्री ती साडेदहाला घरी आली. गजरा कोमेजलेला, काजळ गालावर उतरलेलं, आणि ओठांवर काहीच शिल्लक नाही. मी बाम मागितला. कांडी चांगली अर्धी झाली होती.

"कोणाला दिलास?"

"नाही दिला. म्हणजे, आठ जणींना दिला. पण प्रत्येकीला वेगळ्या इअरबडने लावला, कांडी कोणाला टेकवू दिली नाही." मग ओढणी काढता काढता म्हणाली, "तुझ्या कपाटातला इअरबडचा डबा संपला. उद्या आणायला लागेल."